पारंपरिक की अजाईल? प्रकल्प व्यवस्थापनातील निवडीच्या निकषांची चिकित्सा
(निम्न दुधना व महाराष्ट्रातील जलप्रकल्पांच्या संदर्भात)

प्रस्तावना

वाणिज्य व व्यवस्थापन शाखेच्या पाठ्यपुस्तकांत प्रकल्प व्यवस्थापनाच्या प्रकरणाशेवटी बहुधा एक तक्ता असतो. डाव्या रकान्यात पारंपरिक पद्धत आणि उजव्या रकान्यात अजाईल पद्धत. एका बाजूस आधी संपूर्ण आराखडा, मग अंमलबजावणी आणि ठरावीक टप्पे. दुसऱ्या बाजूस छोट्या फेऱ्या, सततचा अभिप्राय व बदलाचे स्वागत. विद्यार्थ्याने प्रकल्पाचे स्वरूप पाहून दोहोंपैकी एक पद्धत निवडावी, अशी अपेक्षा असते. तक्ता सोपा आहे आणि परीक्षेत गुणही मिळवून देतो. परंतु ज्या प्रदेशात हा विद्यार्थी राहतो, तेथील सर्वांत मोठे प्रकल्प संगणक प्रणालीचे नसून पाण्याचे आहेत. तेथे निवड चुकली तर नुकसान एखाद्या कंपनीच्या ताळेबंदापुरते मर्यादित राहत नाही. ते शेताच्या बांधापर्यंत आणि बुडालेल्या गावठाणापर्यंत पोहोचते.

सेलू तालुक्यात ब्रह्मवाकडीजवळ दुधना नदीवर उभा असलेला निम्न दुधना प्रकल्प हे याचे जवळचे उदाहरण होय. या प्रकल्पाच्या तसेच महाराष्ट्रातील अन्य काही जलप्रकल्पांच्या अनुभवावर निवडीचे प्रचलित निकष तपासून पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी बॅरी बोहेम व रिचर्ड टर्नर यांच्या २००३ साली प्रकाशित झालेल्या ‘बॅलन्सिंग अजिलिटी अँड डिसिप्लिन’ या ग्रंथातील मांडणी आधारभूत मानली आहे. या विषयावरील ती सर्वाधिक समतोल मांडणींपैकी एक असल्याने तिच्या मर्यादांतूनच प्रश्नाचे खरे स्वरूप स्पष्ट होऊ शकते.

दोन पद्धतींची जडणघडण

ज्या पद्धतीस आज ‘पारंपरिक’ म्हटले जाते, तीही फारशी जुनी नाही. कामांचा क्रम, प्रत्येकाचा कालावधी व परस्परावलंबन मांडून विलंबाचा मार्ग शोधणारी क्रिटिकल पाथ पद्धत १९५७ च्या सुमारास ड्युपाँ कंपनीत विकसित झाली. अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र प्रकल्पात १९५८ मध्ये पर्ट तंत्राचा वापर सुरू झाला. धरणे, रस्ते, कारखाने अशा भौतिक बांधकामांना ही तंत्रे चांगली मानवली, कारण भिंत उभी राहिल्यावर पाया बदलता येत नाही.

संगणक क्षेत्रात या पद्धतीस ‘वॉटरफॉल’ हे नाव चिकटले आणि त्याचे जनकत्व विन्स्टन रॉइस यांच्या १९७० च्या निबंधास दिले गेले. वास्तविक रॉइस यांनी टप्प्याटप्प्याने खाली उतरणारी आकृती काढली, ती त्या पद्धतीतील धोका दाखवण्यासाठी. चाचणी अगदी शेवटी होत असल्याने चूक उशिरा उघड होते, असे त्यांचे म्हणणे होते. नवीन प्रकारचे काम असेल तर ते एकदा लहान प्रमाणावर करून पाहावे आणि मग पुन्हा करावे, असा उपायही त्यांनी सुचवला होता. वाचकांनी आकृती उचलली आणि इशारा मागे सोडला.

अजाईल पद्धतीची मुळेही कारखान्यांत सापडतात. ताकेउची व नोनाका यांनी १९८६ मध्ये जपानी उद्योगांतील उत्पादन-विकासाचा अभ्यास मांडला आणि रग्बीतील ‘स्क्रम’ची उपमा तेथूनच पुढे आली. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात स्नोबर्ड येथे एकत्र आलेल्या १७ संगणकतज्ज्ञांनी चार मूल्यांचा जाहीरनामा लिहिला. त्यात आराखड्याचे पालन करण्यापेक्षा बदलास प्रतिसाद देण्यास अधिक मोल दिले आहे. मात्र आराखड्यास मोल नाही, असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. पाठ्यपुस्तकांच्या तक्त्यात ही सापेक्षता हरवते आणि दोन पद्धती एकमेकींच्या शत्रू असल्यासारख्या उभ्या राहतात.

बोहेम-टर्नर यांचे पाच निकष

बोहेम व टर्नर यांनी हा वाद शमवण्याचा प्रयत्न केला. त्यांच्या मते निवड पाच घटकांवरून करावी : चमूचा आकार, चुकीच्या परिणामांची तीव्रता, गरजा बदलण्याचा वेग, काम करणाऱ्यांचे कौशल्य आणि संस्थेची कार्यसंस्कृती. हे पाच घटक एका चाकाच्या आऱ्यांप्रमाणे मांडायचे. प्रकल्पाचे बिंदू केंद्राजवळ आले तर अजाईल, परिघाकडे गेले तर आराखडाप्रधान पद्धत योग्य. बिंदू विखुरलेले असतील तर प्रणालीची रचनाच अशी करावी, की बदलणारा भाग वेगळा काढून तेथे अजाईल पद्धत वापरता येईल. या शेवटच्या सूचनेमुळे त्यांची मांडणी पाठ्यपुस्तकी तक्त्याच्या बरीच पुढे जाते.

तथापि, या पाचांपैकी चार निकष काम करणाऱ्या संस्थेच्या बाजूने पाहणारे आहेत अथवा तिच्या सोयीने मोजले जातात. ज्याच्यासाठी किंवा ज्याच्या जमिनीवर काम होते, तो माणूस केवळ परिणामांच्या तीव्रतेच्या आऱ्यावर दिसतो. तेथेही गैरसोय, पैशाचे नुकसान, एका जीवाचे नुकसान, अनेक जीवांचे नुकसान अशीच पायरी आहे. जीव वाचला पण जगण्याचे साधन कायमचे गेले, अशा नुकसानीस या मोजपट्टीवर स्वतंत्र खूण नाही. सार्वजनिक प्रकल्पांत मात्र हेच नुकसान सर्वाधिक आढळते.

निम्न दुधना : निकषांची कसोटी

निम्न दुधना प्रकल्पाची एकूण साठवण क्षमता ३४४.८० दशलक्ष घनमीटर आहे. त्यापैकी २४२.२० दशलक्ष घनमीटर जिवंत साठा आणि १०२.६० दशलक्ष घनमीटर मृत साठा. गेल्या शतकात मान्यता मिळालेला हा प्रकल्प २०१६ मध्ये केंद्र शासनाने प्रधानमंत्री कृषी सिंचन योजनेंतर्गत प्राधान्याने पूर्ण करावयाच्या देशातील ९९ प्रकल्पांच्या यादीत समाविष्ट केला. त्या यादीत महाराष्ट्रातील २६ प्रकल्प होते. प्राधान्याने पूर्ण करण्याच्या यादीत नाव येणे, याचाच अर्थ तोवर काम अपुरे होते.

पाच निकष लावले तर धरणाच्या भिंतीपुरता निर्णय सरळ आहे. आकार मोठा आहे आणि चुकीची किंमत अनेक जीवांची आहे. महाराष्ट्राने हे दोनदा अनुभवले. पानशेत धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले. काम अपुरे असताना आणि पाणी सोडण्याच्या मार्गाचे बांधकाम पुरते झालेले नसताना त्या पावसाळ्यात पाणी साठवले गेले होते. टप्प्यांचा क्रम मोडल्याची किंमत पुणे शहराने मोजली. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले, तेव्हा देखभालीच्या टप्प्याकडे झालेल्या दुर्लक्षाची चर्चा झाली. मातीच्या धरणाच्या बाबतीत ‘आधी करून पाहू, मग सुधारू’ या वाक्यास जागा नाही.

परंतु प्रकल्प म्हणजे केवळ भिंत नव्हे. कालवे, वितरिका, शेतचाऱ्या, पाणीवाटप व पीकपद्धती मिळून सिंचन घडते. येथे गरजा बदलण्याच्या वेगाचा निकष पाहिला पाहिजे. बोहेम व टर्नर तो दरमहा टक्केवारीत मोजतात. त्यांच्या मोजपट्टीवर दरमहा एक टक्का हा अत्यंत संथ बदल होय आणि तेथे आराखडाप्रधान पद्धत सुचवली जाते. शेतीतील बदल याहूनही संथ वाटतो. शेतकरी दरमहा पीक बदलत नाही.

तथापि संथ बदल आणि दीर्घ प्रकल्प यांचा गुणाकार वेगळे चित्र दाखवतो. गरजांतील बदल दरमहा अर्धा टक्का इतकाच धरला तरी ३० वर्षांच्या ३६० महिन्यांत त्याची साधी बेरीज १८० टक्के होते. म्हणजे प्रकल्प पूर्ण होईतो मूळ गरज एकदा पूर्णतः बदलून पुन्हा बदलण्याच्या वाटेवर असते. हे केवळ अंकगणित नाही. कापूस व ज्वारीचा मुलूख म्हणून ओळखल्या जाणाऱ्या परभणी जिल्ह्यात २००२ नंतर बीटी कापूस आला आणि सोयाबीनने खरिपाचे मोठे क्षेत्र व्यापले. विहिरी, कूपनलिका व वीजपंप वाढले. नगरांची पिण्याच्या पाण्याची मागणी वाढली. ज्या पीकरचनेवर कालव्याचे वहन ठरले, ती पीकरचना कालव्याचे पाणी येण्याआधीच शिवारातून निघून गेलेली असू शकते.

जायकवाडीचा अनुभव याच दिशेचा आहे. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पायाभरणी आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते उद्घाटन झालेल्या या प्रकल्पाचा डावा कालवा २०८ किलोमीटरचा असून तो परभणी जिल्ह्यापर्यंत येतो. आराखड्यात गृहीत धरलेले पाणी वरच्या अंगास नाशिक व अहिल्यानगर जिल्ह्यांत झालेल्या धरणांमुळे अनेक वर्षी खाली पोहोचत नाही, आणि समन्यायी वाटपाचा वाद प्राधिकरणापासून उच्च न्यायालयापर्यंत गेला. कालव्याच्या शेवटच्या टोकास असलेल्या शेतकऱ्यास आराखड्यातील पाणी कागदावर मिळते. आराखडा चुकीचा होता असे नव्हे. तो ज्या परिस्थितीसाठी होता ती बदलली आणि त्यास शिकण्याची सोय नव्हती.

येथे एक विसंगती लक्षात घ्यावी लागते. मोठ्या प्रकल्पांत बदल होत नाहीत, असे नाही. ‘सुधारित प्रशासकीय मान्यता’ हा शब्दप्रयोग पाटबंधारे खात्याच्या नस्त्यांत नित्याचा आहे. दरवाढ, भूसंपादनाचा वाढीव मोबदला, संकल्पचित्रातील बदल, व्याप्तीतील वाढ अशा कारणांनी खर्चाचा आकडा पुन्हा पुन्हा सुधारला जातो. परंतु हा बदल वापरकर्त्याच्या अनुभवातून येत नाही. लाभक्षेत्रातील शेतकऱ्यास पाणी मिळाले की नाही, या प्रश्नाचे उत्तर मान्यतेच्या प्रस्तावात क्वचितच कारण म्हणून दिसते. अजाईल पद्धतीत फेरी संपल्यावर शिकणे अपेक्षित असते. येथे फेरी होते, शिकणे होत नाही. २०११-१२ च्या राज्य आर्थिक पाहणीतील आकड्यांवरून दशकभरात सिंचित क्षेत्राचे प्रमाण १७.८ वरून १७.९ टक्के इतकेच झाल्याचे दिसले, तेव्हा मोठा वाद उठला. श्वेतपत्रिका निघाली आणि माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी पथक नेमले गेले. आकड्याच्या अचूकतेवर मतभेद झाले. तथापि सिंचित क्षेत्र नेमके किती, यावरच शासनाच्या दोन दस्तऐवजांत एकवाक्यता नसावी, हेच अभिप्रायाच्या अभावाचे द्योतक होय.

जलयुक्त शिवार : चपळाईचा आभास

दुसऱ्या टोकास जलयुक्त शिवार अभियान ठेवता येते. ५ डिसेंबर २०१४ च्या शासन निर्णयाने सुरू झालेल्या या अभियानात २०१९ पर्यंत राज्य टंचाईमुक्त करण्याचे उद्दिष्ट होते आणि दरवर्षी पाच हजार गावे घ्यावयाची होती. कामे लहान, विकेंद्रित व एका हंगामात पूर्ण होणारी. गावाच्या शिवारफेरीतून आराखडा. बाह्यतः हे अजाईल पद्धतीचे आदर्श उदाहरण ठरावे. पावसाळा ही निसर्गानेच ठरवून दिलेली फेरी होती. उन्हाळ्यात काम करावे, पावसाळ्यात परिणाम पाहावा, दिवाळीनंतर विहिरींची पातळी मोजून पुढचे काम ठरवावे, अशी संधी मराठवाड्यासारख्या प्रदेशात अन्य कोणत्या कामास क्वचितच मिळते.

प्रत्यक्षात गावांची संख्या हेच यशाचे माप झाले. वर्ष संपले की पुढील पाच हजार गावे. आधीच्या गावांत काय घडले, हे तपासून पद्धत बदलण्यास अवकाश उरला नाही. नाल्यांचे खोलीकरण व रुंदीकरण यंत्रांनी वेगात होत गेले. भूस्तराचा विचार न करता केलेल्या खोलीकरणावर एच. एम. देसरडा यांच्यासारख्या अभ्यासकांनी आक्षेप घेतले आणि प्रकरण न्यायालयात गेले. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२० मध्ये मांडल्या गेलेल्या अहवालाने ९,६३३.७५ कोटी रुपये खर्चूनही पाण्याची गरज भागवणे व भूजलपातळी वाढवणे या दोन्ही बाबतींत फारसा परिणाम दिसत नसल्याचा निष्कर्ष काढला. अभियानाच्या समर्थकांनी तो अमान्य केला, आणि पुढे अभियानाचा दुसरा टप्पाही आला. निष्कर्षाच्या प्रमाणाबद्दल वाद असू शकतो. तथापि दोन्ही पक्षांना गावनिहाय, वर्षनिहाय पाणीपातळीच्या नोंदींवर बोट ठेवून वाद मिटवता आला नाही, ही गोष्ट वादापलीकडची आहे.

येथे पाच निकष अपुरे पडतात. आकार लहान, चुकीची तीव्रता कमी, काम करणारे स्थानिक. निकषांनी अजाईल पद्धत सुचवली असती आणि नाव पाहता तीच निवडली गेली, असेही म्हणता आले असते. परंतु लहान काम म्हणजे अजाईल काम नव्हे. पाच हजार गावांचे उद्दिष्ट आधी ठरलेले असेल तर प्रत्येक गाव हा मोठ्या आराखड्यातील एक रकाना होतो. शिवाय खोल खणलेला नाला पुन्हा भरून पूर्ववत करणे सोपे नसते. म्हणजे काम लहान होते, पण परतीचे नव्हते.

वाघाड : क्रम व शिक्षण यांचा मेळ

दोन्ही अपयशांच्या मध्ये एक यशस्वी उदाहरण महाराष्ट्राजवळ आहे. नाशिक जिल्ह्यातील वाघाड प्रकल्पाची भिंत व कालवे पारंपरिक पद्धतीनेच झाले. कालव्याच्या शेपटाकडील ओझर परिसरास पाणी पोहोचत नव्हते. बापू उपाध्ये व भरत कावळे यांनी समाज परिवर्तन केंद्राच्या माध्यमातून १९९०-९१ च्या सुमारास तेथे तीन पाणी वापर संस्था उभ्या केल्या. पाणी घनमापनाने मोजून घेणे, सभासदांत वाटणे, कालव्याचे पाणी नाल्यांवरील बंधाऱ्यांत अडवून विहिरींचे पुनर्भरण करणे, असे प्रयोग हंगामामागून हंगाम होत गेले. या तीन संस्थांच्या अनुभवावरून वरच्या भागातील शेतकरी पुढे आले. पुढे संपूर्ण लाभक्षेत्रात २४ संस्था झाल्या आणि त्यांची प्रकल्पस्तरीय संस्था स्थापन होऊन व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे आले. शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा राज्यात २००५ मध्ये आला. वाघाडचा अनुभव त्याआधीचा होता.

या उदाहरणात निवड ‘पारंपरिक की अजाईल’ अशी झालेली दिसत नाही. जे परत करता येत नाही ते आधी, काळजीपूर्वक व क्रमाने झाले. जे परत करता येते ते तीन संस्थांपासून सुरू होऊन हळूहळू विस्तारले. विशेष म्हणजे सुरुवात शेपटापासून झाली. जेथे प्रश्न सर्वाधिक बिकट, तेथे पहिली फेरी घेतल्याने यशाचा पुरावा सर्वांसाठी ग्राह्य ठरला.

ग्राहक कोण, हा प्रश्न

अजाईल पद्धतीत ग्राहकाचा प्रतिनिधी चमूसोबत असावा लागतो. तो सहकार्यशील, प्रातिनिधिक, अधिकारप्राप्त, बांधील व जाणकार असावा, अशी पाच विशेषणे बोहेम व टर्नर देतात. संगणक कंपनीत असा एक माणूस सापडू शकतो. सिंचन प्रकल्पात ही विशेषणे वेगवेगळ्या माणसांत विखुरलेली असतात. कार्यकारी अभियंत्याकडे अधिकार व ज्ञान असते, पण तो लाभधारकांचा प्रतिनिधी नसतो आणि बदली झाली की बांधिलकीही संपते. लोकप्रतिनिधी प्रातिनिधिक असतो, पण कालव्याच्या मुखाकडील व शेपटाकडील मतदारांचे हित त्यास एकाच वेळी सांभाळावे लागते. शेपटाकडील शेतकरी जाणकार व बांधील असतो. अधिकार मात्र त्याच्याकडे नसतो.

याहून अवघड प्रश्न बुडीत क्षेत्रातील कुटुंबाचा आहे. ते ग्राहकच नाही. त्याच्या जमिनीतून प्रकल्प उभा राहतो आणि पाणी दुसऱ्याच्या शेतात जाते. पुनर्वसनासाठी महाराष्ट्रात १९७६, १९८६ व १९९९ असे तीन अधिनियम झाले. दीर्घकाळ चाललेल्या प्रकल्पात बाधित कुटुंबास त्यामुळे बदलत्या नियमांना सामोरे जावे लागते. येथे ‘बदलाचे स्वागत’ हे अजाईल मूल्य त्याच्या दृष्टीने आपत्ती ठरते. त्यास हवे असते ते पक्के, लेखी व तारखेचे वचन. भिंतीइतकीच कठोर शिस्त पुनर्वसनास लागते, कारण विस्थापन हे भिंतीइतकेच अपरिवर्तनीय आहे. प्रत्यक्षात मात्र भिंतीचे वेळापत्रक आराखड्यावर चालते आणि पुनर्वसन ‘यथावकाश’ या शब्दावर.

निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील बाबी स्पष्ट होतात.

पहिली, संपूर्ण प्रकल्पासाठी एकच पद्धत निवडण्याचा प्रश्नच चुकीचा आहे. निवड प्रकल्पातील प्रत्येक निर्णयासाठी करावयाची असते, आणि तिचा पहिला निकष हा की निर्णय मागे घेता येतो काय, व घेता आला तर त्याची किंमत कोण मोजतो. बोहेम-टर्नर यांच्या पाच आऱ्यांना हा सहावा आरा जोडला पाहिजे. धरणाची भिंत, सांडवा, भूसंपादन व पुनर्वसन यांना आराखड्याची शिस्त हवी. वितरण, पाणीपाळ्या व पीकनियोजन यांना हंगामी फेऱ्या हव्यात.

दुसरी, बदलाचा वेग महिन्याच्या मापाने न मोजता प्रकल्पाच्या एकूण कालावधीच्या मापाने मोजला पाहिजे. त्या मापाने दीर्घकाळ रेंगाळणारा प्रकल्प हा सर्वाधिक अस्थिर प्रकल्प ठरतो.

तिसरी, लहान काम व अजाईल काम हे समानार्थी नाहीत. ज्या फेरीअंती मोजमाप होत नाही आणि मोजमापावरून पुढचे काम बदलत नाही, ती फेरी केवळ हप्ता होय.

चौथी, अधिकार व अनुभव एका माणसात येत नसतील तर ते एका संस्थेत आणावे लागतात. पाणी वापर संस्था हे त्याचे मराठी मातीतील रूप आहे आणि वाघाडने ते शक्य असल्याचे दाखवले आहे.

निम्न दुधनाच्या साठ्यातील सुमारे ३० टक्के पाणी आराखड्यात ‘मृत’ म्हणून नोंदलेले आहे. टंचाईच्या वर्षी याच मृत साठ्यावर पिण्याच्या पाण्याची भिस्त असते. आराखड्याने ज्यास हिशेबाबाहेर ठेवले, ते परिस्थितीने हिशेबात आणले. हे शक्य होते ते भिंत पक्की असल्यामुळे, आणि वापराचा निर्णय बदलता येण्याजोगा असल्यामुळे. व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यास दोन रकान्यांचा तक्ता पाठ असण्यापेक्षा ही एक गोष्ट उमगलेली असणे अधिक उपयोगाचे ठरेल.